चोपन्न ग्रॅम

शनिवार, १२ जानेवारी

आज बायकोच्या पियानोला तिला न विचारता हात लावला.

चौतीस वर्षं मी लोकांच्या घरी जाऊन पियानोंचे सूर लावतोय, दुरुस्त्या करतोय. प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगतो, वाजवणाऱ्याला विचारल्याशिवाय मी आत काहीही बदलत नाही. आणि आज बायको पिशवी घेऊन बाजारात गेली, तिची पावलं जिन्यात विरेपर्यंत मी दाराशी उभा राहिलो, आणि मग पियानोची पुढची फळी काढली. या वयात, स्वतःच्याच घरात, चोरासारखा!

कुणाला सांगता येत नाही म्हणून ही वही आणली. कामाच्या डायरीत लिहिलं तर बायको वाचणार, कारण माझं अक्षर तिलाच लागतं आणि गिऱ्हाइकांचे पत्ते तीच सांगते.

कारण असं. गेले दोन महिने हिच्या बोटांचे सांधे सुजतात. डॉक्टरांनी औषध दिलंय, बोटं जपा म्हणालेत. घरी येताना वाटेत हिने एकच विचारलं, "वाजवू नका असं नाही ना म्हणाले?"

"नाही म्हणाले."

"मग झालं." विषयाला तिथेच कुलूप.

पण परवा शिकवणीत ही एक ओळ वाजवून दाखवत होती आणि मधेच थांबली. हसून म्हणाली, "पुढचं तू वाजव." मी आतल्या खोलीत एका गिऱ्हाइकाच्या पियानोच्या हातोड्या घासत बसलो होतो, माझा हात तिथेच राहिला. तीस वर्षांत मी हिला मधे थांबताना ऐकलेलं नाही. फोन वाजो, दूध उतू जावो, ओळ पुरी करूनच उठायची.

हिच्या बोटांत जोर आणणं माझ्या हातात नाही. पट्ट्यांचा भार कमी करणं आहे.

पायाने उजवं पेडल दाबून धरलं, पट्टीच्या टोकाशी पितळी वजनं ठेवत गेलो आणि लाकडावर हलकी टिचकी मारली. ज्या वजनाला पट्टी सावकाश खाली बसते, तो तिचा भार. मधल्या सी-ची पट्टी, चोपन्न ग्रॅम. खर्जाकडे सत्तावन्न, वरच्या टोकाला एकोणपन्नास. निरोगी, भरदार पियानो. अठरा वर्षांपूर्वी हिने मागितला तसा मीच लावून दिलेला. तेव्हा म्हणाली होती, "पट्टीने थोडी हुज्जत घातली पाहिजे हो, नाहीतर बोलण्यात मजा नाही."

ठरवलंय. दर शनिवारी थोडं थोडं, कळणार नाही इतकं.

शनिवार, १९ जानेवारी

मधली दोन सप्तकं झाली. पट्टी ज्या खिळींवर हलते तिथे फेल्टचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, अस्तर असतं. ते चिमट्याने दाबून किंचित सैल केलं, खिळी पुसून चकचकीत केल्या. पन्नास ग्रॅमवर आलं. चार ग्रॅम म्हणजे काय, एखादं बटण. पण एका तासात बोट हजार वेळा पडतं.

संध्याकाळी ही बसली. दहा मिनिटं वाजवलं आणि म्हणाली, "आज हवा कोरडी आहे का हो? पियानो मोकळा वाटतोय."

"असेल," मी म्हणालो. खोटं बोलताना माझे कान लाल होतात असं हिचं म्हणणं आहे, म्हणून पेपर जरा उंच धरला.

शनिवार, २ फेब्रुवारी

मागच्या शनिवारी उरलेल्या सप्तकांचं अस्तर सैल केलं. आता शिसं. पट्टीच्या पुढच्या भागाला, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, शिशाच्या लहान चकत्या चिकटवल्या. पुढची बाजू जड झाली की पट्टी स्वतःच खाली जायला उत्सुक होते, बोटाला कमी लागतं. मधल्या चार सप्तकांना चकत्या बसल्या. शेहेचाळीस ग्रॅम.

याला किंमत आहे, ती मला माहीत आहे. अशी पट्टी वर यायला आळस करते. एकच सूर भराभर वाजवला तर अडखळेल. पण हिला आता तसलं वाजवायचं कुठे आहे?

आज फळी लावताना पेचकस सापडेना. तो आतच राहिला की काय अशी भीती वाटली, तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. कसाबसा फळी लावून खुर्चीत बसलो. बाजारात दीड तास गेला आणि पिशवी रिकामी. "भाजी काही धड नव्हती," म्हणाली.

जेवणानंतर पाहिलं तर पेचकस माझ्या हत्यारांच्या पिशवीत, आपल्या कप्प्यात. मीच ठेवला असणार. वय झालं.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

बाजारपेठेत एका गिऱ्हाइकाकडे काम होतं. शेजारीच वाद्यांचं दुकान. आत इलेक्ट्रॉनिक पियानोंची रांग मांडलेली. सहज शिरलो आणि खिशातून वजनं काढून पट्ट्यांवर ठेवायला लागलो. विक्रेता तरुण, गळ्यात टाय. आधी त्याला वाटलं मी काही विसरून ठेवतोय.

"काका, त्याची गरज नाही. इथे बटण आहे. हलका, मध्यम, जड. हवा तो स्पर्श निवडा."

हलक्यावर मोजलं, बावन्न. मध्यमवर बावन्न. जडवर बावन्न. त्याला दाखवलं. तो बघतच राहिला. बटणाने पट्टीचं वजन बदलतच नाही. 'हलका' केलं की हळू दाबलं तरी मोठा आवाज मिळतो, एवढंच. बोटाला वाटतं पट्टी हलकी झाली. फसतं ते मन.

त्याच्या पलीकडे लहान कीबोर्ड होते, स्प्रिंगवाले. शिट्टीच्या घरी तसलाच आहे. शिट्टी म्हणजे हिची सध्याची लाडकी विद्यार्थिनी. सतरा वर्षांची, जिना शिट्टी वाजवत चढते. त्या पट्ट्यांना भार असा नाहीच, नुसती उसळी. संगीत महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा देणार आहे पोरगी, तिथे खरा मोठा पियानो. म्हणून रोज दोन तास आमच्याकडे येते.

जेवताना हिला बटणाची गंमत सांगितली. ही घास हातात धरून ऐकत होती.

"म्हणजे भार तोच, पण वाजवणाऱ्याचं मन राखते."

"हो, तसंच."

"चांगली असतात अशी माणसं," ही म्हणाली.

"माणसं कुठली, यंत्र," मी दुरुस्ती केली. ही का हसली कळलं नाही.

शनिवार, १६ फेब्रुवारी

बेचाळीस. याच्या खाली जाता येणार नाही, पट्टी वर यायचीच नाही.

आज शिट्टी तास संपल्यावर माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाली, "काका, पियानो हल्ली काय भारी झालाय! आधी हात भरून यायचे. आता कसा घरच्या कीबोर्डसारखा पळतो."

फार बरं वाटलं. हिच्यासाठी केलेलं दुसऱ्यालाही लाभतंय. शिट्टीचं परीक्षेचं वाजवणं पूर्ण बसलंय, वेगाचा भाग तर पाण्यासारखा. ही मात्र तिला सारखी म्हणते, "इतकी घाई नको. सूर पट्टीतून काढ, वरून उचलू नकोस." मला वाटतं ही जरा जास्तच कडक होतेय.

रविवार, २४ फेब्रुवारी

सकाळी स्वयंपाकघरात गेलो तर ही पातेल्यात कोमट पाणी घेऊन दोन्ही हात बुडवून उभी होती. मला पाहून हात काढले.

"कप विसळतेय."

पातेल्यात कप नव्हता.

विचारलं, वाजवताना त्रास होतो का अजून? "छे, उलट खूप सोपं जातं हल्ली," म्हणाली आणि माझ्या खांद्यावर ओला हात ठेवून पुढे गेली. पण मी मोजतोय. या आठवड्यात ही स्वतःसाठी तीनदाच बसली, तेही दहा-दहा मिनिटं. आजार पुढे सरकतोय म्हणजे. बेचाळीस ग्रॅमसुद्धा जड होत असतील तर मी काय करू? पियानोत आता कमी करण्यासारखं काही उरलं नाही.

शनिवार, ९ मार्च



महाविद्यालयात परीक्षेआधी तीन आठवडे प्रत्येक उमेदवाराला सभागृहातल्या पियानोवर पंधरा मिनिटं बसू देतात. आज शिट्टीची पाळी होती, सोबत ही गेली. दुपारी दोघी परतल्या. जिन्यात शिट्टी ऐकू आली नाही.

पोरगी आत आली आणि स्टुलावर बसली नाही, जमिनीवर बसली. "पट्ट्या खालीच जाईनात, काका. चिखलातून हात ओढतेय असं वाटलं. हळू भागात निम्मे सूर उमटलेच नाहीत. शेवटच्या पानावर मनगटात गोळा आला, थांबावं लागलं. बाहेर रांगेत बाकीची मुलं ऐकत होती."

ही म्हणाली, "पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं."

"नाही बाई. मला येतच नव्हतं. इथे तुमच्या पियानोनेच वाजवलं सगळं."

मी हातातला कप खाली ठेवला. तो पियानो मला ठाऊक आहे, मी स्वतः दोनदा लावलाय. छप्पन्न ग्रॅम. एका पट्टीमागे चौदा ग्रॅमचा फरक, आणि तिच्या तुकड्यात हजारो सूर. दोन महिने मी त्या मुलीचे हात रोज थोडे थोडे दुबळे करत होतो आणि शाबासकी मिळाली म्हणून खूश होत होतो.

उद्या सांगणार. काय होईल ते होवो.

रविवार, १० मार्च

सांगितलं. जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

सकाळी चहा घेताना म्हणालो, "मला तुला काही सांगायचंय."

"पियानोचं?" हिने विचारलं.

ही बशीतला चहा हलवत राहिली.

"दर शनिवारी तुम्ही माझ्या जाण्याची वाट बघायचात," ही म्हणाली. "मग मी जायचे. बागेत बाकावर बसायचे. तासभर पुरतो का तुम्हाला हे कळेना, म्हणून दीड तास करायला लागले. एकदा पेचकस खालच्या फळीवर राहिला होता, तो पिशवीत ठेवला."

"तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"अहो, अठरा वर्षं बोटं त्या पट्ट्यांवर आहेत. चार ग्रॅम मला कळणार नाहीत?"

"मग निदान सोपं तरी गेलं ना?"

हिने माझा हात ओढून टेबलावर उपडा ठेवला आणि माझं बोट धरून लाकडावर आपटलं. "हे दुखतं. दाबणं नाही दुखत हो. पट्टी खाली जाऊन जिथे थांबते, तो तळ दुखतो. तिथून कळ सांध्यात शिरते. तुम्ही हलकं केलंत तशी पट्टी आणखी जोरात जाऊन आपटायला लागली. आधी निदान वजन तरी तिला आवरून धरायचं."

म्हणजे मी हिला दोन महिने दुखावत होतो. आणि ही म्हणत होती, खूप सोपं जातं हल्ली.

"सांगितलं का नाहीस?" माझा आवाज चढला. आपलाच राग दुसऱ्यावर निघतो तसा.

"काय सांगू? शनिवारी मी परत यायचे तेव्हा तुमचा चेहरा असा असायचा, शाळेत पहिला नंबर आल्यासारखा. मला तो चेहरा बघायला आवडायचा." मग हिने मान खाली घातली. "पण पोरीचं माझ्या लक्षात यायला हवं होतं. ती वरवर वाजवतेय हे ऐकू येत होतं मला. शिक्षिका मी आहे, तुम्ही नाही. आपल्या दोघांच्या लाडात तिचं नुकसान झालं."

ही रडली नाही. मी रडलो. हिने चहा परत गरम केला.

सोमवार, ११ मार्च

शिट्टीला दोघांनी मिळून सांगितलं. मी बोलत होतो, ही बाजूला उभी होती. पोरीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं. बाईंनाही माहीत होतं."

"हो."

"फक्त मलाच नाही. वाजवणारी मी."

स्वरलिपीची पानं पिशवीत भरली आणि गेली. दार आपटलं नाही, हळूच ओढून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

बुधवार, १३ मार्च

शिट्टी काल आली नाही, आज आली नाही. मी सगळी गिऱ्हाइकं पुढे ढकलली आणि पियानो उघडून बसलोय. शिशाच्या चकत्या एका दुपारी निघाल्या. पण सैल केलेलं अस्तर परत घट्ट होत नाही. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, प्रत्येकीला दोन जागी नवं फेल्ट. जुनं वाफेने सोडवायचं, खाच साफ करायची, नवं चिकटवायचं, वाळू द्यायचं. सैल करायला दोनच शनिवार लागले होते, तेही तासतासभर.

संध्याकाळी शिट्टीची आई आली. इस्पितळात परिचारिका आहे, कामावरूनच थेट आलेली, गणवेशात. मी उभाच राहिलो. बोलणी खायची तयारी होती.

पियानोचं उघडं पोट बघत म्हणाली, "आमच्याकडे पेशंटला न सांगता औषध बदललं तर घरी बसवतात."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"घरी ती जेवणाच्या टेबलावर बोटं दाबत बसते. कीबोर्डला हात लावत नाही. सोळा दिवस राहिलेत. हा कधी तयार होईल?"

"आठ दिवस."

"तीन," ती म्हणाली. जाताना हिला दारातच थांबवून हिचे हात बघितले, सांधे चाचपले, रात्री कुठली पट्टी बांधायची ते सांगितलं. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

शुक्रवार, १५ मार्च

ही दिवसभर माझ्याशेजारी बसून आहे. चिमटा हिला धरवत नाही, पण क्रमाने पट्टी देते, झालेली मागून घेते, बोटाने हलवून बघते. "ही गप्प आहे अजून." "ही घालतेय हुज्जत." माझ्या वजनांपेक्षा हिचं बोट लवकर सांगतं. तपासून पाहिलं, एकदाही ग्रॅमभरापेक्षा जास्त चुकली नाही. लग्नानंतर इतके तास आम्ही एका कामावर बसल्याचं मला आठवत नाही. ती शिकवायची पुढच्या खोलीत, मी घासायचो मागच्या.

दुपारी मी विचारलं, "कुठे दुखतं ते नीट दाखव."

हिने माझं बोट आपल्या बोटाखाली घेतलं आणि दोघांची मिळून एक पट्टी दाबली, अगदी सावकाश. "इथपर्यंत काही नाही. इथपर्यंत काही नाही. आणि इथे."

प्रत्येक पट्टीच्या पुढच्या टोकाखाली फेल्टची एक चकती असते, तिच्यावर पट्टी येऊन टेकते. वर्षानुवर्षं दबून ती दगडासारखी झालेली. माझ्याच पियानोत! मी भार मोजत होतो आणि तळाकडे पाहिलंच नव्हतं. तीन प्रकारचं फेल्ट कापून तीन पट्ट्यांखाली घातलं. पहिलं फार मऊ. "गादीवर उडी मारल्यासारखं, सूर कुठे संपला कळत नाही." तिसरं जुन्यासारखंच. दुसऱ्यावर ही थांबली. डोळे मिटून पाच-सहा वेळा दाबलं.

"हे दुखतं का?"

"दुखतं. पण ओरडत नाही."

तेच घातलं, अठ्ठ्याऐंशी.

शनिवार, १६ मार्च

सकाळी काम पुरं झालं. अकरा वाजता बेल वाजली. शिट्टी. आईने पाठवलं की आपण होऊन आली, विचारलं नाही.

"पियानो झाला?"

मी वजनांची डबी तिच्या हातात दिली, कसं मोजायचं ते दाखवलं आणि बाजूला झालो. पोरगी जिद्दी. एक-दोन नाही, तिने चार सप्तकं मोजली. पेडल दाब, वजन ठेव, टिचकी मार. चोपन्न. पंचावन्न. चोपन्न. त्रेपन्न. प्रत्येक आकडा आपल्या वहीत लिहिला. मग वर बघून म्हणाली, "यापुढे काही बदललंत तर मला कळेल."

"कळायलाच हवं," मी म्हणालो.

मग तिने वाजवलं. पहिल्या पानावरच दमली. दुसऱ्या पानावर सूर गळायला लागले. ही तिच्या मागे उभी राहिली आणि वाजवून दाखवण्याऐवजी तिच्या खांद्यावर तळवा ठेवला. "बोटाने ढकलू नकोस. हा खांदा सोड. हाताचं ओझं जाऊ दे खाली, पट्टीला उचलू दे तुला. तेरा दिवस आहेत. आज फक्त एक पान."

दोन तास एकच पान चाललं.

शनिवार, २३ मार्च

शिट्टी आता सकाळ-संध्याकाळ येते. वेग कमी झालाय, पण सूर तळातून येतात, भिंतीला लागतात. हळू भाग मात्र मला चकित करतो. बेचाळीस ग्रॅमच्या पट्टीवर हळू वाजवणं म्हणजे तारेवरची कसरत, जरा बोट चुकलं की सूर ओरडतो. ते ती दोन महिने करत होती. तो ताबा हातात राहिलाय. हिला हे सांगितलं.

"उगाच स्वतःची पाठ थोपटून घेऊ नका," ही म्हणाली.

पण शिट्टीच्या वहीत त्या भागावर हिने बरोबरची खूण केलेली मी पाहिली.

शुक्रवार, २९ मार्च

परीक्षा झाली. आत फक्त उमेदवार. आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर, तिची आई, ही आणि मी. जाड दारातून सुरांचा आकार येत होता, शब्द नाही. शेवटच्या पानाला हिने नकळत माझ्या मनगटावर बोटं ठेवली आणि वाजवायला लागली. हिच्या बोटांचा भार मला मोजता येतो. कमी झालाय, खूप कमी. मी हात हलवला नाही.

शिट्टी बाहेर आली. "थांबले नाही," एवढंच म्हणाली. तिच्या आईने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, आधी तिला दिली, मग हिला, मग मला. मला दिली हे महत्त्वाचं.

शुक्रवार, १२ एप्रिल

यादी लागली. बावीस जण घेतले, शिट्टी एकविसावी. "शेवटून दुसरी!" असं ओरडतच ती वर आली, जणू वरून दुसरी. हिने तिला जवळ घेतलं. मी दाराशी उभा होतो. ती माझ्याकडे आली, जरा थांबली आणि म्हणाली, "काका, तिथल्या सरावखोल्यांतले पियानो कसे आहेत कुणास ठाऊक. मी मोजणार आहे."

मी माझ्या वजनांचा जुना संच तिला देऊन टाकला. माझ्याकडे दुसरा आहे.

रविवार, २१ एप्रिल

शिट्टी परवा वसतिगृहात जाणार. आज निरोप घ्यायला आली. हिला म्हणाली, "बाई, तुम्ही मला कधी पुरतं वाजवून दाखवलंच नाहीत. या वर्षी नुसती सुरुवात आणि 'पुढचं तू वाजव'."

हिने माझ्याकडे पाहिलं. मी काही सुचवलं नाही. ही उठून पियानोपाशी गेली.

स्वतःच्या लहानपणी शिकलेला एक साधा, संथ तुकडा वाजवला. पहिल्या चार ओळी नीट गेल्या. पाचवीत उजव्या हाताच्या अनामिकेचा सूर आलाच नाही. बोट पट्टीवर पडलं, पट्टी अर्धी गेली आणि राहिली. हिने ती जागा रिकामी सोडली आणि पुढे गेली. पुढच्या ओळीत परत तीच रिकामी जागा. मला वाटलं आता ही उठेल. माझे हात मांडीवर होते, ते मी एकमेकांत गुंतवून ठेवले.

ही उठली नाही. न थांबता, स्टुलावर जरा डावीकडे सरकली आणि म्हणाली, "इथे माझं बोट येत नाही. तेवढा सूर तू देत जा."

शिट्टी शेजारी बसली, एकच बोट पुढे करून. पहिल्या खेपेला तिला उशीर झाला. दुसऱ्या खेपेला जरा लवकर, जरा मोठ्याने. ही हसली.

"हळू. माझ्या सुरांत मिसळला पाहिजे, वेगळा ऐकू यायला नको. थांब. पाचव्या ओळीपासून परत."

दोघींनी पाचव्या ओळीपासून परत सुरुवात केली.